दोन थरांचा गिलावा

सेकोंदो बारिझोने हा फोंतेकाल्दाचा गवंडी. गरम झऱ्याच्या त्या गावात चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं. स्नानगृहांची कुंडं गळू द्यायची नाहीत. तिथल्या पाण्यात सिमेंट दोन हिवाळे धरत नाही. म्हणून बापाने शिकवलं तसं तो चुन्यात कौलांची सुरखी, म्हणजे कुटलेला चुरा, घालायचा आणि तीन थर देताना प्रत्येक थर ओला असतानाच थापीने ठोकायचा, पाणी वर यायचं थांबेपर्यंत. रोमनांचीही हीच रीत.

तो निवृत्त झाल्यावर आठव्या वर्षी एका पडक्या स्नानगृहाची फरशी उखडली आणि खाली रोमन कुंड निघालं. संशोधक गिलियाबाईंनी गावाला बोलावून कोपऱ्यातला तांबूस गिलावा दाखवला. दोन हजार वर्षं टिकलाय, म्हणाल्या. त्यावर काच बसणार, शेजारी फलक लागणार होता.

सेकोंदोने वाकून पाहिलं. गिलावा त्याचाच होता. पस्तीस वर्षांपूर्वी, वर फरशी घातली जाण्याआधी, हे कुंड वापरात होतं आणि कोपरा गळत होता; ते रोमन आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. पिएरा पाव कापत होती.

"मग बिघडलं काय? उभ्या जन्मात तुम्हाला कुणी शाबास म्हटलं नाही. आता म्हणतायत, तर गप बसा की."

कोपरा नीट केलेला असता तर तो गप बसलाही असता. पण त्या वर्षी हंगाम तोंडावर आला होता, मालक मागे लागला होता, आणि सेकोंदोने तिसरा थर दिलाच नव्हता.

सकाळी तो कुंडाशी बाईंकडे गेला आणि गिलावा आपला असल्याचं सांगितलं. त्यांना आधी थट्टाच वाटली. त्याने शेजारच्या खऱ्या रोमन गिलाव्याच्या तुटक्या कडेवर बोट ठेवून तीन थर मोजून दाखवले. मग कोपऱ्याची कड दाखवली. दोन.

बाईंनी उकिडवं बसून दोन्ही कडा स्वतः मोजल्या. फलक छापायला गेला होता.

"काका, पण पस्तीस वर्षं टिकलाय की."

"त्यांचा दोन हजार टिकला. त्यांनी अंगचोरी केली नव्हती."

मग त्याने हळूच विचारलं, तिसरा थर आता देऊ का? थापी घरी आहे. दोन दिवसांचं काम. बाईंनी नकारार्थी मान हलवली. सापडलं तसंच ठेवायचं, हा त्यांच्या कामाचा नियम. नंतरची डागडुजी अशी नोंद होईल, म्हणाल्या, आणि नाव विचारलं.

"रीत बापाची, काम माझं, असं लिहा. आणि थर दोनच, हेही लिहा."

बाईंनी लिहिलं. सेकोंदोने खिशातून चष्मा काढला, नोंद दोनदा वाचली आणि मगच कुंडाच्या पायऱ्या चढला.