सुध्याच्या देवघरातला लाल बल्ब

"भाऊजी, हे गेले. लवकर वर या, नाहीतर आमच्या वन्सं भटजींना फोन करतील." नलूवहिनींचा आवाज रडवेला होता, पण डोकं ठिकाणावर. मी दोन मजले धापा टाकत चढलो. सुध्या, माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, पलंगावर ओठ मुडपून पडला होता... वादात समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघताना मुडपायचा ना, अगदी तस्से. दुपारी हॉस्पिटलची गाडी येऊन देहदानासाठी देह घेऊन गेली. ना मंत्र, ना दहावा. त्याने तसं लिहून ठेवलं होतं आणि माझ्याकडून शब्दही घेतला होता. देव मीही सोडलेला, पण मी गुपचूप सोडला. सुध्याने दवंडी पिटून.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सत्यनारायण असला की हा गच्चीवर सगळ्यांच्या आधी हजर. पूजेकडे पाठ करून बसायचा आणि शिरा दोनदा घ्यायचा. "लाज वाटते का रे?" मी विचारलं. "विरोध पूजेला आहे, बाळ्या. शिऱ्याने माझं काय घोडं मारलंय?" एकादशीचा उपवास वहिनींचा, साबुदाण्याची खिचडी ताटभर चापणार हा.

वहिनीही काही कमी नव्हत्या. त्यांच्या देवघरात एक लाल झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू असायचा. वाद रंगला की त्या तिकडे बोट दाखवायच्या. "लग्न होऊन आले तेव्हा लावलाय. एकदाही गेला नाही. विचारा तुमच्या विज्ञानाला!" आणि ग्रहणावर तासभर भाषण ठोकणारा सुध्या इथे चिडीचूप. बशीतला चहा फुंकत बसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. "अरे, बोल ना काहीतरी!" पण नाही.

तो गेल्यावर आठवड्याने त्याच्या टेबलात माझ्या नावाचं बंद पाकीट निघालं. वहिनींनी ते न उघडता माझ्या हातात दिलं. घरी येऊन वाचलं... "बाळ्या, नलूचा बल्ब मी बदलत आलोय. दर होळीला आणि दिवाळीला, ती गुरुवारी भजनाला गेली की. विझायची वाट बघायची नाही. नवे बल्ब माझ्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे आहेत. यापुढे तू बदल. तिला कळता कामा नये. नमस्कार करायची गरज नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. नालायक माणूस! जन्मभर जगाचे चमत्कार उघडे पाडत हिंडला आणि घरात स्वतःच एक चालवत होता. वर तो माझ्या गळ्यात मारून मोकळा! मी तर साधं तीर्थसुद्धा हातावर घेत नाही. पण वहिनींकडे आता तेवढाच एक आधार उरला होता, आणि माझ्या हातून तोच विझला तर?

होळी झाली. गुरुवारी वहिनी भजनाला गेल्या. त्यांची एक चावी माझ्याकडे असतेच. स्टूल ओढलं, चढलो, जुना बल्ब काढला... आणि दार उघडलं. वहिनी टाळ विसरल्या होत्या. देवघरात अंधार, मी स्टुलावर, दोन्ही हातांत बल्ब.

त्यांनी टाळ उचलले. वर बघितलं.

"ते स्टूल डुगडुगतं, भाऊजी. भिंतीला टेकवून घ्या. हे तसंच घ्यायचे."

आणि पदराने डोळे टिपत बाहेर पडल्या. सुध्या गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या स्टुलावर रडलो. मग नाक पुसलं, स्टूल भिंतीला टेकवलं आणि नवा बल्ब बसवला. जिन्यात वहिनी शेजारणीला सांगत होत्या, "नाही गं, आमचा देवाचा दिवा अजून एकदासुद्धा गेलेला नाही."