न दिसलेला ठिपका

कन्हेरीची अंजली बारामतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं फील्ड मशीन चालवते. काचबिंदूनं नजर कडेकडेनं किती गेली, ते या मशीनवर कळतं. एक डोळा झाकायचा, समोरच्या दिव्याकडं एकटक बघायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं.

बावड्याच्या प्रयागबाई बाजारात भाजी विकतात आणि काचबिंदूच्या तपासणीला इथं येतात. त्यांच्या कागदावर दर वेळी नजर चांगली दिसायची, पण खाली शेरा असायचा : तपासणी भरवशाची नाही. ठिपका नसतानाही त्या बटण दाबत. अंजली बजावून थकली होती.

एका दुपारी पेशंट नव्हते. अंजली स्वतःच मशीनवर हनुवटी टेकवून बसली. अख्खी तपासणी तिनं स्वतःवर कधी केलीच नव्हती. नजर धडधाकट, तरी बराच वेळ काहीच दिसेना. आपण नापास होतोय असं वाटून बोट आपोआप बटणावर जाऊ लागलं. मशीन मुद्दाम इतके मंद ठिपके दाखवतं की त्यातले बरेचसे कुणालाच दिसत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पेशंटला मात्र तिनं ते कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला ती प्रयागबाईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसली.

"मावशी, लई ठिपके मलाबी दिसत न्हाईत. ही काय परीक्षा न्हाय."

"खरं सांगतीस?"

"खरं. आन् दमलात तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं."

प्रयागबाईंनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कमी दिसतंय असं कागदावर आलं तर माझा ल्योक रणजित बाजारात बसू द्यायचा न्हाय. म्हणून दाबत व्हते गं."

अंजलीनं आधी मिनिटभर सराव करून घेतला, मग तपासणी. या वेळी शेरा आला नाही. पण उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू कागदावर काळी उमटली. अंजलीला वाईट वाटलं. डॉक्टरांनी डोळ्यात घालायच्या थेंबांचं आणखी एक औषध दिलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपता येते, असं त्यांनी समजावलं.

सगळं कळल्यावर रणजित म्हणाला, "आये, आधी का बोलली न्हाईस?"

"बाजाराचं काय मग?"

"बस की. रस्ता तेवढा मी वलांडून देतो."

बरेच ठिपके कुणालाच दिसत नाहीत, हे आता अंजली प्रत्येक पेशंटला आधीच सांगते. त्यात वेळ जातो, बाहेर रांग कुरकुरते.

चार महिन्यांनी प्रयागबाईंची तपासणी पुन्हा झाली. काळा भाग तेवढाच होता.