विंगेत ठेवलेली लोकर

"राणीसाहेब, नाटकात काय आणि गोदामात काय," नोल स्मल्डर्स म्हणायचा, "वस्तू मागितल्यावर शोधायला निघालात की मेलात."

राणीसाहेब म्हणजे मी. आमच्या फिरत्या नाटक मंडळीत मी राण्या केल्या, सरदारपत्न्या केल्या, आणि कंबर रुंदावल्यावर खाष्ट सासवाही केल्या. नोलने मात्र मला राणीच्या गादीवरून कधी उतरू दिलं नाही, कारण थट्टा करायला ती गादी सोयीची होती. तो मंडळीचा सामानवाला. तलवार, मेणबत्ती, विषाचा पेला, प्रेमपत्र, जे जे नटाच्या हाताला लागणार ते सगळं पडदा उघडण्याआधी विंगेत मांडून ठेवायचं हे त्याचं काम. संवादाच्या भरात मी मागे हात करायचे आणि पेला हातात यायचा. नोल दिसायचा नाही. पेला दिसायचा.

मंडळी बंद पडली तेव्हा मी म्हातारी झाले आणि नोल गोदामात लागला. नेदरलँड्समधल्या आमच्या वालवाइक गावाबाहेर, जिथे त्याच्या वडिलांनी जन्मभर बुटांना तळवे ठोकले, तिथे आता खिडक्या नसलेली ती अजस्र पांढरी इमारत उभी आहे. लोक घरबसल्या बटण दाबतात आणि दुसऱ्या दिवशी वस्तू दारात येते, ती तिथून येते. आमची घरं एकमेकांना खेटून, मधे एकच भिंत. कामावरून आला की तो माझ्याकडे कॉफीला बसायचा.

एकदा माझी किटली फुटली. संध्याकाळी नवी मागवली, सकाळी ती दारात हजर. मी नोलला म्हटलं, "हे काय भुताटकी म्हणायची?"

"भुताटकी कसली! ती किटली पानं गळायच्या आधीपासून इथे येऊन बसली होती. तुमची वाट बघत."

"माझी? किटली फुटणार हे मलाच कुठे ठाऊक होतं?"

"तुम्हाला नव्हतं, यंत्राला होतं. तुमची नाही तर दुसऱ्या कोणाची. थंडी पडली की या भागात किटल्या जातात, हे ते दर वर्षी बघतं आणि माल आधीच जवळ आणून ठेवतं. तुम्ही बटण दाबता तेव्हा शेवटचा प्रवेश तेवढा उरलेला असतो. फळीवरून काढायची, खोक्यात घालायची, सरकत्या पट्ट्यावर गावागावाप्रमाणे वेगळी व्हायची आणि गाडीत चढायची. लोकांना वाटतं माल रात्रीत धावत आला. अहो, तो विंगेतच उभा होता."

फळ्यांचं त्याने सांगितलेलं तर मला खरंच वाटेना. म्हणे मोज्यांशेजारी किटली, किटलीशेजारी कुत्र्याची बिस्किटं, त्यांच्याशेजारी देवाच्या मेणबत्त्या.

"म्हणजे द्रिकाची शिवणाची टोपली!"

"टोपली बरी," नोल म्हणाला. "अहो, एकसारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की घाईत चुकीची उचलली जाते. म्हणून जागा मिळेल तिथे ठेवायचं. कुठे काय आहे ते यंत्र लक्षात ठेवतं, आपण हातातलं यंत्र वाजलं की ते दाखवेल तिकडे चालायचं."

द्रिका त्याची बायको. जिभेने तिखट आणि हाताने मऊ. तिच्या मांडीवर सतत विणकाम असायचं, आणि त्या वर्षी नोलसाठी शेवाळी हिरवा स्वेटर चालला होता. लोकर ती नोलच्याच गोदामातून मागवायची. तो चिडायचा, "अगं, मी तिथेच काम करतो!"

"मग काय, खिशात घालून आणणार? पकडला गेलास तर तुरुंगात स्वेटर पाठवायला पुन्हा लोकर मागवावी लागेल."

लोकर हातात आली की ती आधी तिच्या कागदी पट्ट्यावरचा रंगाचा नंबर वाचायची. लोकर घाण्याघाण्याने रंगवतात, आणि रंगाचं नाव तेच असलं तरी दोन घाण्यांचा हिरवा कधी एक नसतो. "एका स्वेटरला एकच घाणा," ती म्हणायची. "नाही तर उन्हात गेलास की लोक तुला ठिगळ लावलेला समजतील." त्या घाण्याची लोकर एका बाहीला कमी पडली. आता मागवते, मग मागवते, असं तिचं चाललं होतं.

आमच्या ब्राबांत प्रांतात निरोप घेताना 'हौदू' म्हणतात. म्हणजे नीट राहा, सांभाळून असा. आम्ही ते दुकानदाराला म्हणतो, पाद्र्याला म्हणतो, शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यालाही म्हणतो. बाजाराच्या दिवशी द्रिका सायकलवर बसली आणि कुंपणापलीकडून ओरडली, "हौदू!" नोल शिडीवर चढून पन्हळ दुरुस्त करत होता. तोंडात खिळे होते. त्याने नुसता हात हलवला. चीजच्या दुकानापुढे द्रिका सायकलवरून उतरली, स्टँड लावला आणि तिथेच खाली बसली. हृदय थांबलं होतं.

शवपेटीपाशी आम्ही एकेक जण गेलो, लाकडाला हात लावला आणि हौदू म्हणालो. नोल गेला, उभा राहिला, परत आला. त्याच्या तोंडातले खिळे अजून निघाले नव्हते.

तो कामावर परतला तेव्हा आलेला माल फळ्यांवर ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. एक पेटी उघडली तर आत शेवाळी हिरवी लोकर. त्याने पट्टा फिरवून पाहिला. तोच घाणा.

"तिच्यासाठी आली होती, राणीसाहेब," त्याने मला कॉफीवर सांगितलं. "दर वर्षी पानं पिवळी पडली की ती मागवते, म्हणून यंत्राने आधीच आणून ठेवली. त्याला कोणी कळवलंच नाही."

"मग तू काय केलंस?"

"ठेवली फळीवर. किटलीशेजारी."

"विकत घेऊन टाक ना. घरी आण."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालू प्रयोगात पडदा पाडायला सांगत होते. "घेतली की विंग रिकामी," तो म्हणाला. "सामान विंगेत आहे तोवर नटी यायची आहे असा अर्थ."

आयुष्यभर मी त्याच नियमावर जगले होते.

पुढे त्याला माल ठेवण्याऐवजी मागणीचा माल उचलण्याचं काम मिळालं, आणि त्या फळीसमोरून तो रोज जाऊ लागला. घरी खुर्चीच्या पाठीवर एक बाही नसलेला स्वेटर होता. त्या दिवसांत भिंतीपलीकडून मला सुयांची टिकटिक ऐकू यायची. ते घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याचे नळ होते. दर हिवाळ्यात वाजतात, मला ठाऊक आहे. तरी मी रेडिओ मोठा करायचे.

मग मास नदीवरून धुकं आलं आणि गावावर बसून राहिलं. अशाच एका दुपारी नोल दारात उभा, हातात गरम सॉसेज-पावाची पिशवी, आणि चेहरा मेकअप अर्धा पुसल्यासारखा.

"तिने मागितली," तो म्हणाला.

"कोणी? काय?"

"द्रिकाने. हातातलं यंत्र वाजलं. तीच फळी, तीच हिरवी लोकर. कोणाला हवी ते आम्हाला दिसत नाही, फक्त वस्तू दिसते. पण इथे आणखी कोणाला ती हवी असणार?"

"मग?"

"वस्तू सापडली नाही तर दाबायचं एक बटण असतं." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "मी ते दाबलं."

"नोल!"

"समोर होती, राणीसाहेब. हाताच्या अंतरावर. आणि मी नाही म्हणालो. एवढ्या वर्षांत तुमचा एकदा तरी हात रिकामा राहिला का? सांगा!"

"कधीच नाही."

"आणि बायकोने मागितलं तर नाही म्हणालो. वस्तू असताना."

त्याने पाव खाल्ला नाही. मीही नाही. पलीकडे नळ वाजत होते.

दुसऱ्याच दिवशी, नोल कामावर असताना, त्याची मुलगी मार्लूस ब्रेडाहून आली आणि कोट न काढताच तणतणायला लागली. "फीनमावशी, ही कंपनी म्हणजे नुसती थापाडी आहे! उद्या मिळेल म्हणाले, आणि आज कळवतात, सापडत नाही!"

"काय सापडत नाही?"

"आईची लोकर. बाबांना सांगायचं नाही हां, शपथ घे. त्यांच्या वाढदिवसाला स्वेटर पुरा करायचाय. माप मी गुपचूप घेतलंय. आईच्या टॅबवरून मागवली, त्याला घाणा बरोबर आठवत होता. नावही तिचंच गेलं, पत्ताही बाबांच्या घरचाच. तू पार्सल घेशील म्हणून निर्धास्त होते."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणी. "पुन्हा मागव," मी म्हटलं.

"बघते रविवारी. पण बाबांना एक अक्षर नाही!"

शपथ घेतली होती. पण खरं सांगायचं तर शपथेसाठीच गप्प बसले असं नाही. मी नोलला खरं सांगितलं असतं तर त्याचं भूत गेलं असतं, आणि भुताबरोबर त्याच्यातलं आणखी काय निघून गेलं असतं, कोण जाणे. त्या दिवशी तो कॉफीला आला तेव्हा मी प्रॉम्प्टरसारखी हळूच एवढंच बोलले, "पुन्हा मागितली तर?"

"मेलेलं माणूस दोनदा मागतं का?"

"नटी मागते. पेला आला नाही तर ती काय करते, विसरलास? तीच ओळ पुन्हा म्हणते. जरा मोठ्याने. सामान हातात पडेपर्यंत ती पुढच्या ओळीवर जाऊ शकत नाही. तिथेच अडकून उभी राहते, बिचारी."

नोल कपात बघत राहिला. "तिथेच अडकून," तो म्हणाला. आणि उठून गेला.

रविवार यायचा होता. तरी एका सकाळी पार्सलच्या गाडीचा बिलाल दारात उभा. "मावशी, शेजारी कोणी नाही. घ्याल का? तुमचं घर म्हणजे पोस्टच झालंय!"

"मग मला पोस्टमनची टोपी आणून दे," मी म्हटलं आणि पार्सल घेतलं. मऊ होतं. वर छापलेलं नाव होतं, द्रिका स्मल्डर्स.

बिलालने चिठ्ठी नोलच्या दारात सरकवली, पार्सल शेजारी आहे म्हणून. मी मार्लूसला फोन लावला. "आली गं."

"काय आलं?"

"लोकर."

मग ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, मी अजून पुन्हा मागवलीच नाही."

भिंतीतले नळ त्या दिवशी गप्प होते, हे मला तेव्हाच जाणवलं. मग मार्लूसने टॅब उघडला आणि वाचून दाखवलं. पहिली मागणी रद्द झालीच नव्हती. ती थांबून राहिली होती. कोणीतरी फळी पुन्हा तपासली, वस्तू जागेवर दिसली, आणि यंत्राने ती पुन्हा उचलायला सांगितली. "असंच लिहिलंय इथे," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र वर आला नाही.

दुपारी नोल चिठ्ठी घेऊन आला. मी पार्सल टेबलावर ठेवलं. त्याने नाव वाचलं आणि टोपी काढली.

"काल पुन्हा वाजलं," तो म्हणाला. "गेलो. पट्टा वाचला, घाणा बरोबर. उचलली, खोक्यात ठेवली. मागे माणसं खोळंबली होती. पण मी खोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो."

"काय म्हणालास?"

"हौदू."

तेवढं बोलून तो खाली बसला आणि त्याने कॉफी मागितली. मी दिली. जाताना त्याने पार्सल माझ्याकडे सरकवलं. "हे काही माझ्या नावाचं नाही, राणीसाहेब. मी कसं उघडू? तुमच्याकडेच राहू दे. ज्या हातांना हवं ते घेऊन जातील." आणि दारात वळून म्हणाला, "मार्लूसला सांगा, बाही जरा सैल ठेव म्हणावं. आईसारखी."

त्याच्या वाढदिवसाला आम्ही नेहमीसारखे खुर्च्यांचं रिंगण करून बसलो. इथे ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायची रीत आहे. येईल तो मार्लूसचा हात दाबून म्हणत होता, "अभिनंदन, बाबांचं!" एका म्हाताऱ्या पाहुण्याने सवयीने त्या खुर्चीपुढेही हात केला, जिच्यावर कोणी नव्हतं. कोणी हसलं नाही. नोल हिरव्या स्वेटरमध्ये खिडकीत उभा होता. दोन्ही बाह्यांचा रंग अगदी एक. फक्त एकीची वीण जरा घट्ट.

केक कापून झाल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "त्या फळीवर आता काय आहे?"

"हातमोजे," नोल म्हणाला. "कालच आले."

"कोणासाठी?"

त्याने खिडकीतून आमच्या गल्लीकडे पाहिलं. धुक्यात एकेक दिवा लागत होता. कोणी सायकल आत घेत होतं, कोणी पडदे ओढत होतं.

"त्यांना अजून ठाऊक नाही," तो म्हणाला.