खालच्या मजल्यावरची वही

आम्ही दर रविवारी जर्मनीतल्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरावर निघालो की खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा दारात उभे. "पासपोर्ट घेतलेत? कुठली वाट? परत कधी?" मग वहीत टिपून ठेवायचे. परदेशी म्हणून पाळत ठेवतात, अशी माझी खात्री झाली. "अहो, सोडा ना," बायको म्हणाली. तरी मी घरमालकाकडे तक्रार केली.

त्या डोंगराचा आमच्या बाजूचा चढ सौम्य, पण माथ्यावरची चेक सीमा ओलांडली की एकदम तीव्र उतार. एकदा धुक्यात आम्ही तिथेच वाट चुकलो. बॅटरीच्या उजेडात आजोबा दिसले तेव्हाही मला वाटलं, हे मागावरच आहेत.

"आल्झो, तर मग, चार वाजता परत येतो म्हणाला होतात. आला नाहीत, म्हणून वहीतल्या वाटेने शोधत आलो," आजोबा म्हणाले. घरी पोचल्यावर हळूच म्हणाले, "तुमची तक्रार कळली. यापुढे विचारणार नाही."

पुढच्या रविवारी त्यांचं दार बंद होतं. परतायची वेळ मीच कागदावर लिहून दाराखालून आत सरकवली.