शंभराला छप्पन

मार्गासनीच्या रतनबाईनं रखमाजीवरचा राग पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. लोक म्हणत, बाई भारी खुनशी. होतीच! का नसावी?

तिचा नवरा चिमाजी चुन्याची भट्टी लावायचा. गावानं देवीचं देऊळ बांधायला काढलं तेव्हा शंभर मण निवडक, पांढरी चुनखडी त्याच्या भट्टीवर येऊन पडली. भाजून चुना निघाला छप्पन मण. बांधकामाचा कारभारी होता रखमाजी. तो भरल्या चावडीत ओरडला, "शंभराला पंच्याहत्तर निगायला पायजे. ह्यानं देवीलाच चुना लावला!" सगळे खो खो हसले. वर रखमाजीनं पुढची भट्टी स्वतः लावली आणि पंच्याहत्तर मण काढून दाखवला. मग चिमाजीचं कोण ऐकतंय?

त्या दिवसापासून चिमाजीच्या डबीतला चुना तंबाखूला कुणी घेईना. पारावर बसलेली माणसं त्याला ओलांडून पलीकडच्याकडं डबी मागायची. मारहाण सोसता येते, हे नाही सोसत. त्यानं अंथरूण धरलं आणि त्यातच गेला. देवळाचा गिलावा पुढं पोपडे धरून गळू लागला, तर रखमाजी म्हणाला, चोराचा हात लागला म्हणून देवी कोपली.

मुलगा आनंदराव पुण्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागला. सुट्टीत आला तेव्हा चुलीपाशी बसून म्हणाला, "आये, चुनखडीच्या एका रेणूमागं चुन्याचा एकच रेणू व्हतो, आन एक रेणू वायू उडून जातो. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवून वजनाचा हिशेब मांडला तर शंभराला चुना छप्पन. बाकी हवेत. बाबा खरं बोलत व्हते."

रतनबाईची भाकरी तव्यावर करपली. "पुन्यांदा सांग," ती म्हणाली. त्यानं सांगितलं. "आन पंच्याहत्तर निगाला तर?"

"तर वरचा एकोणीस चुना न्हाईच. माती, राख, न्हाईतर कच्चा दगड."

रतनबाई हसली. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती रखमाजीच्या दारात गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "अण्णा, तुमच्यावानी भट्टी लावणारा पंचक्रोशीत न्हाई. माज्या पोराला एकदा दावा की." म्हातारा फुगला. देवळापुढं, साऱ्या गावादेखत त्यानं शंभर शेर चुनखडी स्वतः निवडली, स्वतः तोलली आणि भट्टीशी स्वतःच बसून राहिला. एवढ्या डोळ्यांपुढं त्याला काही मिसळता येईना. भट्टी निवल्यावर चुना भरला सत्तावन्न शेर.

"चिमूटभर माती असणारच दगडात," आनंदराव म्हणाला.

रखमाजी चिडला. "जाळ बिघडला! तवा म्या ह्याच हातानं पंच्याहत्तर काडला व्हता!"

"जाळ कसाबी लावा, अण्णा," आनंदराव म्हणाला, "शंभराला छप्पनाच्या वर चुना निगतच न्हाई. मग तवा वरनं काय घातलं?"

गुरवानं मान वर करून देवळाच्या गळक्या भिंतीकडं पाहिलं. मग एकेक जण तिकडं पाहू लागला. शेवटी रखमाजीनंही पाहिलं. "राख," तो पुटपुटला, "बोलून बसलो व्हतो पंच्याहत्तर... शब्द खाली कसा पडू देऊ?"

गाव त्याच्या अंगावर धावून गेलं. कुणी त्याचं पागोटं उडवलं. रतनबाई कमरेवर हात ठेवून डोळे भरून ते पाहत राहिली आणि तिला मनापासून बरं वाटलं.

शेवटी गुरव मधे पडला. "रतनबाई, तू सांग ह्यास्नी, आता बास म्हनावं. म्हातारा मानूस हाय."

"माजा धनीबी म्हातारा झाला असता," रतनबाई म्हणाली.