कदमांचे डोळे

कुणी नवं काम घेऊन आलं की दिगंबर कदम आधी त्याच्या दुकानात जाऊन नुसते बसायचे. चहा घ्यायचा, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघायची, एक दुपार तिथेच घालवायची. "दुकान बघितल्याशिवाय त्याचं तोंड कसं रंगवू?" असं म्हणायचे. वेबसाइट हा शब्द हैदराबादेत नुकता कानावर पडू लागला होता आणि ज्याला त्याला ती ताबडतोब हवी होती. ती बनवणाऱ्या कदमांना घाई नव्हती. की दमच उरला नव्हता, कोण जाणे.

मी पुण्याहून लग्न होऊन इथे आलेली; त्यांच्यासाठी मजकूर लिहायचे. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस. कदमांचं मूळ घराणं उदगीरकडचं, शेतकऱ्यांचं. वडील निजामाच्या काळात शहरात आले. कदमांची शाळा जामबागेत, पुढे चित्रकलेचा डिप्लोमा, आणि मग आबिड्सच्या एका जाहिरात कंपनीत ब्रश, कटर नि डिंक यांत उमेदीची वर्षं गेली. बाजार खुला झाला, जाहिरातींना ऊत आला, आणि कंपनीने संगणक आणून हाताने काम करणाऱ्यांना घरी पाठवलं. चाळिशी उलटल्यावर कदम कॉलेजच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. "ब्रशला वजन असतं हो ताई. याला काहीच नाही. हात अधांतरी वाटतो."

गिऱ्हाइकं छळायची. आज भडक हवं, उद्या सोबर, परवा पुन्हा पहिलंच. मी चिडायचे. कदम चष्मा काढून डोळे चोळायचे नि पुन्हा कामाला लागायचे. "त्याला सांगता येत नाही, म्हणून तो बदलत बसतो. आपण ऐकायचं. शेवटी काम त्याचंच करतोय ना आपण."

आबिड्सचे लक्ष्मय्या हे त्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. साड्यांचं मोठं दुकान. दुकानात संगणक नव्हता. साइटवरचे फोटो, रंग, सगळं कदमांवर सोपवलेलं. एकदा अमेरिकेतल्या एका कुटुंबाने साइटवर बघून लग्नासाठी हिरवी साडी मागवली. पोचली ती निळी. लग्न तोंडावर आलेलं. लक्ष्मय्यांचा फोन आला, "कदम साब, ये क्या हुआ? बच्ची फोन पे रो रई थी!"

कदम दुकानातून तसलीच साडी घेऊन आले आणि संगणकाच्या पडद्याशेजारी धरली.

"ताई, कशी आहे?"

"निळी. पडद्यावरची हिरवी."

ते बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग साडीची घडी घालत म्हणाले, "मला दोन्ही एकच दिसतात."

साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे अधू केले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं. कदमांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मॉनिटरवर ढकला. प्रत्येकाचा पडदा वेगळा रंग दाखवतो, हे खोटं तर नाही."

ते साडी पिशवीत ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेले. लक्ष्मय्यांनीच विषय काढला, "कम्प्यूटर में कुछ गड़बड़ हुई होगी ना?"

"नक्को, कम्प्यूटर को कुछ नक्को बोलो," कदम म्हणाले. "मेरे आँखां गए, लक्ष्मय्या गारू. हरा-नीला मेरे को समझता नई अब."

लक्ष्मय्या गादीवरून उठले, त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पण काम त्यांनी पुढे दुसऱ्याला दिलं. बातमी बाजारात पसरली. एकेक गिऱ्हाईक गोड बोलून दूर झालं. कदमांनी कुणाला अडवलं नाही. प्रत्येकाच्या फायली नीट लावून, स्वतः नेऊन दिल्या.

वर्षअखेरीस ते बायकोला घेऊन लातूरला, भावाकडे राहायला निघाले. रिक्षात सामान चढत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॉनिटरचं नाव घेतलं असतं, तर अजून चार-पाच वर्षं सहज निघाली असती. लक्ष्मय्या तर स्वतःहून म्हणत होते."

"निघाली असती," ते म्हणाले. बायकोला आधी चढू दिलं, मग दांडी चाचपत स्वतः बसले. "पण पुढच्या पोरीलाही मीच रडवलं असतं, ताई. आणि या खेपेला जाणूनबुजून."