भिंगबाईंच्या तीन नळ्या

भिंगबाई गेली एकतीस वर्षं एका दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची भिंगं घासतात. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाला आठवत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. काम झालं की त्या डोळे मिटून भिंगाच्या कडेवरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "इथे केसाएवढं राहिलंय." मालक यंत्र लावून बघतो. केसाएवढं राहिलेलंच असतं. अशा बाईशी संसार करणं काय असतं ते त्यांचे यजमान, निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतात.

बाईंचा दुसरा गुण म्हणजे फेकाफेक. जे हलत नाही, लागत नाही आणि चकाकत नाही, ते कचऱ्यात. यजमानांनी कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली कवळी अशीच गेली, आणि पुढचे तीन आठवडे त्यांनी संसाराची गाऱ्हाणी दातांवाचून, पातळ वरणासारखी सांगितली. पण महागात पडली ती लेकीची काडी. लेक अकरा वर्षांची असताना तिने खिडकीत बरणीत एक काडी ठेवली होती, काडीला फुलपाखराचा कोश होता, आणि ती शाळेतून आल्याआल्या आधी तिथे जायची. बाईंनी वाळकं पान समजून बरणी धुऊन पालथी घातली. लेक पंधरा दिवस बोलली नाही. आता ती तिशीला टेकली आहे, फिजिओथेरपिस्ट झाली आहे, भल्याभल्यांचे गुडघे वळवते. पण घरात एखादी वस्तू सापडली नाही, तर अजूनही आधी कचऱ्याचा डबा उघडून बघते.

म्हणून लेक चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली आणि आपली खाऱ्या पाण्याची काचपेटी आईच्या हवाली केली, तेव्हा बाई आतून हलल्या.

"बाबांना का नाही सांगत?"

"बाबा दुरुस्त करायला जातील," लेक म्हणाली. "तू फक्त लिहिलंय तेवढं कर. आणि आई, काही फेकू नकोस."

पेटीत मासा एकही नव्हता. दगड, दोन गोगलगाई आणि वाळूत उभ्या तीन चामड्यासारख्या नळ्या. प्रत्येक नळीत एक किडा, आणि त्याच्या डोक्यावर तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा पिसांचा तुरा. पाण्यातलं बारीक खाद्य त्या तुऱ्यानेच धरायचं आणि खायचं. माणसाची नुसती सावली पडली तरी तुरा सपकन आत. यजमान म्हणाले, "घरात तीन-तीन झटकण्या, आणि कपाटावर धूळ तशीच." बाई हसल्या नाहीत. त्या चिठ्ठी वाचत होत्या.

चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या. रोज हिरव्या खाद्याचे थेंब. पंधरवड्याला थोडं पाणी बदलणे, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. आणि पाणी खुणेखाली गेलं की भर घालणे. शिवाय पाण्याचा खारटपणा बघायची एक छोटी दुर्बीण होती, थेंब टाकायचा आणि डोळा लावायचा. बाईंनी डोळा लावला आणि नाक मुरडलं. "हे भिंग कुणी घासलंय? कडेला लाट आहे लाट." दुर्बीण ड्रॉवरमध्ये गेली. ज्या बाईचा अंगठा केस पकडतो, तिने असल्या भिंगावर काय म्हणून विसंबायचं? त्यांनी दुकानातला नाजूक काटा घरी आणला आणि पाणी खाली गेलं की लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ तोलून, विरघळवून भर घालत राहिल्या. एका ग्रॅमचीही चूक नाही. चूक होती ती वेगळीच, आणि ती काट्यावर दिसणारी नव्हती.

सातव्या आठवड्यात पहिला तुरा गळून वाळूवर पडला. नळी तशीच उभी, निस्तेज, तोंड आवळलेलं. दोन दिवस बाईंनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मेलेला किडा पाणी नासवेल या भीतीने त्यांनी नळी उपटली, पिशवीत बांधली आणि खाली कचरागाडीत टाकून आल्या. आठवड्याच्या आत उरलेले दोन्ही तुरेही गळाले.

"नवीन आण गुपचूप," यजमान म्हणाले. "किड्याला काय, नाव थोडंच लिहिलंय कपाळावर."

बाई शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार गुडघे दुखणारा, लेकीचाच पेशंट. त्याने तीन नव्या नळ्या दाखवल्या, बाईंनी पर्स उघडली, आणि त्याने सहज विचारलं, "काकू, भर कशाने घालता?"

"लिटरला पस्तीस ग्रॅम. काट्यावर तोलून."

त्याने नव्या नळ्या बाजूला ठेवल्या. "काकू, पाणी उडून जातं. मीठ कुठे जातं?"

बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मीठ कुठेच जात नव्हतं. त्या दर दोन दिवसांनी त्यात आणखी ओतत होत्या.

"भर साध्या शुद्ध पाण्याची घालायची. आता एकदम गोडं पाणी ओतू नका, आठवडाभर हळूहळू उतरवा. आणि नळ्या राहू द्या. त्रास झाला की हे तुरा टाकून देतात, किडा आत असतो. तगला तर नवा तुरा फुटतो."

"आत आहे की नाही ते कळणार कसं?"

"हळूच चिमटीत धरून बघा. पोकळ लागली तर गेला. भरीव लागली तर आहे."

बाईंनी पर्स मिटली. रस्ताभर त्या उजवा हात धरून चालत होत्या, भाजल्यासारखा. घरी येऊन त्यांनी बाही वर केली, पाण्यात हात घातला. पहिली नळी भरीव. दुसरीही भरीव. आणि बोटांना तिसरी आठवली. वाळूतून उपटताना ती अशीच लागली होती, आत काहीतरी धरून ठेवलेलं. केसाएवढं ओळखणाऱ्या बोटांना ते तेव्हाच कळलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ड्रॉवरमधली दुर्बीण निघाली. आकडा पस्तीसच्या जागी चव्वेचाळीस होता. लाट असलेल्या भिंगातूनसुद्धा स्वच्छ दिसत होता.

यजमानांनी चिठ्ठी पुढे केली. "हे बघ. साधं पाणी असं कुठे लिहिलंय? तिची चूक आहे. तिला सांग."

"अहो, मीठ तिच्या चिठ्ठीमुळे जास्त पडलं असेल. नळी मी फेकली."

"मग सांगूच नकोस. येईपर्यंत दोन महिने आहेत."

बाईंनी फोन लावला. लेक जेवत होती.

"दोन राहिलेत," बाई म्हणाल्या. "तुरे गळाले. मी भरीत मीठ घालत होते. आता उतरवतेय."

"तिसरा?"

"फेकला."

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला.

"मेला होता ना आई?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. यजमान दारातून जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"नाही," बाई म्हणाल्या. "नळी हाताला भरीव लागली होती."

लेकीने फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाली, "साधं पाणी असं मी लिहिलं नव्हतं का?"

"नव्हतं."

"बरं." "उरलेल्या दोघांना हात लावू नकोस. मी रविवारी येते."

ती कशासाठी येतेय, पेटी सांभाळायला की उचलून न्यायला, हे तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

तेव्हापासून बाई कामावरून आल्या की पेटीसमोर जमिनीवर बसतात, दिव्याच्या उलट बाजूला. शनिवारी यजमान चहा घेऊन आले आणि काचेपाशी वाकले.

"आहे का काही?"

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "सावली पडतेय."